जलचिन्ह

दुखला होता फक्त घसा.
जानेवारीतला, नाशिकरोडच्या थंडीतला,
ज्याला कुणी आजार म्हणत नाही.
मिठाच्या गुळण्या, हळद-दूध, ज्येष्ठमधाची काडी,
आणि मेडिकलवाल्यानं दिलेल्या गोळ्यांतल्या
दोन दिवसांच्या गोळ्या.
तिसऱ्या दिवशी वैजू शाळेत गेली.
उरलेली पट्टी अजून फ्रिजवरच्या डब्यात आहे.
मी ती टाकत नाही.

मग तीन आठवडे काहीच नाही.

प्रेसमध्ये सव्वीस वर्षं मी नोटांचे ताव तपासले.
शाई फुटलेली, धागा सरकलेला, आकडा तिरका,
बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना नंतर.
आणि घरात तीन आठवडे
मला काहीच कळलं नाही.

बाविसाव्या दिवशी उजवा गुडघा सुजला,
टम्म, गरम, चादरीचाही स्पर्श सोसेना.
दोन दिवसांनी तो उतरला, सूज घोट्यात गेली.
मग मनगटात.
शेजारच्या गांगुर्डेबाई म्हणाल्या, वाढीचं वय आहे,
हाडं ताणतात.
मलाही तेच पटवून घ्यायचं होतं.

सिव्हिलमध्ये डॉक्टर कोठावदेंनी छातीवर नळी ठेवली
आणि बोलता बोलता थांबले.
नळी माझ्या कानांत दिली. ऐका.
धक् च्या मागे एक सर्र होती,
नळ नीट बंद न झाल्यासारखी.

केसपेपरच्या मागं त्यांनी पेनानं काढून दाखवलं.
हा घशातला जंतू.
ह्याचा अंगरखा विणलाय थोडासा
हृदयाच्या झडपेसारखा.
रक्तातले पहारेकरी जंतूला मारतात,
त्याचा चेहरा पाठ करतात,
आणि पाठ केलेला चेहरा घेऊन आत फिरत राहतात.
जंतू केव्हाच गेलेला असतो.
त्यांना झडप दिसते.

सगळ्यांनाच होतं का?
नाही. फार थोड्यांना.
का त्यांनाच, ते अजून नीटसं कळलेलं नाही.

म्हणजे खरी नोट खोटी ठरवली, मी म्हणालो.
ते हसले नाहीत.
साधारण तसंच, म्हणाले.

एक गोष्ट मी घरी सांगितलेली नाही.
एकदा आमच्या टेबलावरून चुकीचा ताव निसटला.
पुढच्याच टेबलावर सापडला, पण बोलणी बसायची ती बसली.
त्यानंतर महिनाभर मी सगळंच बाजूला काढत गेलो.
नुसती माझ्याच मनगटाची सावली पडली
तरी लाल पेन्सिल.
धडधाकट ताव, गठ्ठेच्या गठ्ठे.
साहेब म्हणाले, पगारे, डोळे फार तीक्ष्ण झालेत तुमचे,
रजा घ्या.
मी घेतली चार दिवस.
रक्ताची रजा कोण मंजूर करणार?

आता दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनची सुई,
तो जंतू पुन्हा दाराशी येऊच नये म्हणून.
कॅलेंडरवर तारखेला ती स्वतःच गोल करते.
एक गोल ऐन भाऊबीजेला आला होता.
औषध घट्ट, सावकाश जातं.
तेवढा वेळ ती सतराचा पाढा म्हणते.
एकशे एकोणीसपर्यंत बहुतेक संपतं.

परवा सुई घेऊन निघालो,
ती जरा लंगडत, मी तिच्या चालीनं,
बिटको चौकातून बसमध्ये चढलो.
कंडक्टरनं माझी पन्नासाची नोट उजेडाला धरली,
उलटली, पुन्हा धरली.
मी काही बोललो नाही.
बघू दे. बघणाऱ्याला बघू द्यावं.

वैजू म्हणाली, ओ काका, खरी आहे ती.
आणि हात छातीशी नेऊन
ओढणीची पिन नीट केली.