हळू, खाली, थांब

"सहकाऱ्याशी झालेला एखादा संघर्ष सांगा,
आणि तुम्ही तो कसा हाताळलात?"
मिल्गिंता विचारते. वय सव्वीस असेल.
कागदावर आधीच चार चौकोन आखलेत :
प्रसंग, जबाबदारी, कृती, निष्पत्ती.
खिडकीबाहेर क्लायपेडा बंदर, वारा सेकंदाला चौदा मीटर.
सोळाला आम्ही क्रेन थांबवतो.

उत्तर मी पाठ करून आलेय.
मुलीनं दोनदा घोकून घेतलं काल,
बटाटे सोलता सोलता.
"आई, 'मतभेद' म्हण. 'भांडण' म्हणू नकोस."

तर, मतभेद.
गिन्टाऊटासनं अहवालात लिहिलं
की कंटेनरला पोचा माझ्या हातून पडला.
वाऱ्यानं पडला होता.
मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत त्याला चहाडखोर म्हटलं.
तो म्हणाला, नवराही असाच आपटलास का गं,
म्हणून पळाला?
शब्दानं शब्द वाढायलाही जागा उरली नाही.
तिथंच तुटलं.

अकरा महिने अबोला.
मी चाळीस मीटर वर, काचेच्या खोलीत,
तो खाली, जहाजाच्या कडेला.
रेडिओवर माझा आवाज नको म्हणून
त्यानं रेडिओच बंद ठेवला,
आणि जुन्या माणसांसारखा हातांनी काम करू लागला.
डावा हातमोजा नारिंगी, उजवा निळा.
जोडीतला एकेक कुठंतरी हरवलेला.
तळहात जमिनीकडे : हळू, खाली.
मूठ : थांब.
करंगळीएवढं अंतर दाखवायला दोन बोटं जवळ आणायचा,
आणि मला वरून ती दिसायची.
काय सांगू, मिल्गिंताबाई,
नवऱ्याचा चेहरा मी इतका निरखून पाहिला नव्हता कधी.

हे चौथ्या चौकोनात मावणार नाही.

जानेवारीत एकदा बर्फ आडवा पडत होता.
सव्वीस टनांचं ओझं खाली येत होतं,
तेवढ्यात त्यानं दोन्ही हात वर केले.
का, ते मला दिसत नव्हतं.
मी विचारलं नाही. थांबवलं.
ओझं हवेत झुलत राहिलं,
आणि त्याच्याखालून नोयुस, नवा पोरगा,
पडलेली टोपी उचलून, कुणाला न कळता, बाजूला झाला.
त्या पोराला अजून माहीत नाही.

दुपारी कॅन्टीनमध्ये
गिन्टाऊटासनं मिठाची बाटली माझ्याकडे सरकवली.
टेबलाच्या मधोमध येऊन ती थांबली.
मी हात लावला नाही.
सूप अळणीच प्यायले, शेवटच्या चमच्यापर्यंत,
तो बघत असताना.

मार्चमध्ये तो ब्रेमरहाफेनला गेला, मुलाकडे.
खिळ्यावर निळा हातमोजा राहिला.
कुणी काढला, माहीत नाही.

"आणि निष्पत्ती?"
मिल्गिंताचं पेन वर उचललेलं.
"आमच्यातला संवाद सुधारला," मी म्हणते.
ती लिहून घेते. वाक्य तिला आवडलेलं दिसतं.
खोटंही नाही ते.
टेबलाखाली माझा तळहात जमिनीकडे वळलाय,
आपोआप. हळू, खाली.

"आज तोच प्रसंग पुन्हा आला,
तर काही वेगळं कराल?"
हा प्रश्न मुलीच्या यादीत नव्हता.

बाहेर कुणीतरी नवा माणूस खालून हात हलवतोय,
दोन्ही एकदम, कसेही,
वरच्याला कळत नसणार काही.
वारा पंधरावर गेला असेल.

"जास्त लवकर बोलले असते," मी म्हणते,
कारण तिला तेच लिहायचंय.

मीठ घेतलं असतं.