खाजगी कामास

नातवानं नेलं सिनेमाला, सिटी सेंटरच्या मॉलमध्ये.
जुन्या काळचा आहे म्हणाला, आजी, तुझ्या काळचा.
पडद्यावर कंदील, खांब, पागोटी,
आणि एक नोकर, कडेवर आईवेगळं पोर.
गाल बसलेले, पण दात पांढरेशुभ्र.
तो रडला की मागे सारंगी रडायची.

माझा बाप सुभाना. लष्करात
एका सरदारांच्या कचेरीवर पंखा ओढायचा.
वीज आली होती गावात, पण थोरल्या सरकारांना
विजेचा वारा बाधायचा,
म्हणून सुभानाची नोकरी टिकली.
भिंतीच्या अलीकडे तो, पलीकडे सरकार,
मध्ये भोक, भोकातून दोरी,
दोरीचं टोक उजव्या पायाच्या अंगठ्याला.

आई कॉलऱ्यात गेली तेव्हा मी पाच महिन्यांची.
बहिणीकडे टाक मुरैन्याला, म्हणाले सगळे.
त्यानं गोणपाटाची झोळी केली,
ओसरीच्या कडीला टांगली,
आणि पंख्याच्या दोरीला जोडली एक सुतळी,
बारीक, झोळीपर्यंत.
आता एका अंगठ्यावर दोघं:
आत सरकार, बाहेर मी.
मी रडले की दोरी जोरात चाले
आणि आतून आवाज यायचा,
"सुभाना, आज वारा बरा सुटलाय!"
"जी सरकार."

सिनेमातला नोकर दूध चोरतो.
सापडतो. चाबूक. मग मोठं भाषण.
मागच्या रांगेत टाळ्या पडल्या.

माझ्या बापानं भाषण केलं नाही.
ऐन मे महिन्यात कारकुनाला सुतळी दिसली,
त्यानं वहीत लिहिलं:
दोरी सरकारी, खाजगी कामास वापरली. आणे चार वजा.
बापाला वाचता येत नव्हतं.
कुणाकडून तरी वाचून घेतलेली ती ओळ
तो मला पाठ म्हणून दाखवायचा, आरतीसारखी,
आणि हसायचा.
पुढे मला पाठीला बांधूनच ओढला त्यानं पंखा.
घामाचा वास, आणि दर खेपेला
त्याच्या कण्यातून माझ्या छातीत येणारा हलका हिसका
एवढं आठवतं.
किंवा त्यानं सांगितलं म्हणून आठवतं.

शेवटी पोर बॅरिस्टर होऊन येतं,
म्हाताऱ्याचे पाय धरतं.

मी धरले जयारोग्यात, जनरल वॉर्डात.
वर पंखा गरगरत होता, कुणी न ओढता,
आणि चादरीखाली त्याचा उजवा अंगठा
पुढे, मागे. पुढे, मागे.
नस आहे, नर्स म्हणाली, झटके येतात.
मी हात ठेवून पाहिला. थांबेना.
मग काढून घेतला.
कुणीतरी झोपलं असेल आत.

"आजी, ठंड लग रही क्या?"
थिएटरात गार वारा, कुठून येतो कळत नाही.
पदर ओढून घेतला. म्हटलं, बरं वाटतंय.
पडद्यावर नावं चढत होती, मुंगळ्यांसारखी,
चहा देणाऱ्याचं, कपडे धुणाऱ्याचंसुद्धा.
लोक उठले. मी नातवाचा हात धरून खाली बसवला.
वाच म्हटलं.
सगळी?
सगळी. मोठ्यानं.