हरकत

मंगळवारी संध्याकाळी, डंडीत, ग्रंथालयाच्या तळघरात
रेडिएटर खोकतो आणि मी फळ्यावर लिहिते:
डू यू माइंड इफ आय सिट हिअर?
खाली दोन रेघा. घसरायची जागा हीच.
"इथे 'नो' म्हणजे बसा," मी सांगते,
"आणि 'येस' म्हणजे बसू नका."

थूई हसते, बाह्यांना तिच्या नेलपॉलिशचा वास.
झ्बिग्न्येव वहीत लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो.
तेस्फालेम तेवढा हसत नाही.
तो मागचा हिशोब करतोय.

मग सांगतो, तुकड्यातुकड्यांनी:
सबंध नोव्हेंबर, सकाळची पहिली बस,
हॉस्पिटलच्या फरशा पुसून पायांचे ओंडके झालेले,
आणि रोजची ती म्हातारी, मांडीवर पिशवी,
शेजारची जागा रिकामी.
तो विचारायचा, अगदी नीट.
ती म्हणायची "नो, नो!" आणि तोंडभर हसायची.
तो थँक्यू म्हणायचा
आणि दांडा धरून उभा, थेट ब्रॉटी फेरीपर्यंत.
"मला वाटलं, मिसेस सेंगा,
इथली माणसं नकारसुद्धा गोड देतात."

आम्ही हसलो. मग कुणीच हसलं नाही.

पुढचा धडा फोनचा.
अलाऊ वन्स. व्हाइल यूझिंग द ॲप. डोन्ट अलाऊ.
कॅमेरा, माइक, तुम्ही या क्षणी कुठे आहात ते.
"कोण विचारतंय?"
"फोन."
"मला?"
"तुम्हालाच. मालक तुम्ही."
तो स्क्रीनकडे बघत राहतो,
परक्या घरी वाढलेल्या ताटाकडे बघावं तसा.
त्याच्या देशात विचारणारा नेहमी हाच होता.
उत्तर टेबलापलीकडे, शिक्क्याशेजारी, चहा पीत असायचं.
तीन वर्षं 'उद्या या'.

बोट एकेका ओळीवरून उतरतं.
डोन्ट अलाऊ.
डोन्ट अलाऊ.
डोन्ट अलाऊ. हवामानाच्या ॲपलासुद्धा.
"उद्याचं आभाळ कळणार नाही हं."
"वर बघीन," तो म्हणतो.

शेवटी जोड्यांचा सराव. माणसं विषम,
म्हणून त्याच्यासमोर मी.
वाक्य सहज सुचलं, घरगुती:
डू यू माइंड इफ आय आस्क अबाउट युअर मदर?

"येस."

माझं लाल पेन उचललेलं.
बत्तीस वर्षं हीच चूक दुरुस्त करतेय,
हाताला आता माझी गरज लागत नाही.
"येस," तो पुन्हा म्हणतो, हलकेच,
काचेचं भांडं टेबलावर ठेवावं तसं.
"आय डू."

व्याकरणात काना-मात्रेची चूक नाही.
मी पेनला टोपण लावते. सॉरी म्हणते.

मग माझीच पर्स मांडीवर घेते,
शेजारची खुर्ची जरा पुढे सरकवते
आणि खिडकीबाहेर बघू लागते,
खिडकी नसताना.
त्याला कळतं. तो उठतो, दारापर्यंत जाऊन परत येतो,
गाडी हलतेय असा तोल सांभाळत,
आणि विचारतो.
"नो, नो!" मी म्हणते, तोंडभर.

तो खुर्चीकडे बघतो. माझ्याकडे बघतो.
कडेकडेनं का होईना,
बसतो.