चपलांची तोंडं

आमच्या गावात रात्री चपला फिरतात.
उंबऱ्याबाहेर काढाव्या, तोंड घराकडे करून,
सकाळी बघावं तर एखाद्या जोडाचं तोंड रस्त्याकडे.
कोण फिरवतं, कोणी पाहिलं नाही.
ज्याच्या फिरल्या
तो वर्षाच्या आत गाव सोडतो, म्हणतात.
नागपूरच्या बसमध्ये त्याची सीट
आधीच कोणी रुमाल टाकून धरलेली असते.

विशाखा रामटेके आली
तेव्हा छोटी लाइन उखडून दोन वर्षं झाली होती.
रूळ नसलेल्या स्टेशनावर बुकिंग क्लर्क.
दहा ते पाच बसायची,
रजिस्टरात रोज लिहायची : तिकिटे, निरंक.
समोर माझं पिको-फॉलचं दुकान.
दुपारी दोनला खाणीत सुरुंग उडाला
की तिच्या खिडकीची काच
आणि माझ्या बाटलीतलं पाणी
एकदमच थरथरायचं.
आम्ही एकमेकींकडे बघायचो.
पहिलं वर्ष एवढंच.

दुसऱ्या वर्षी तिने ब्लाउजपीस आणला, जांभळा.
टेप खांद्यावरून दंडावर उतरवताना
आकडा वहीत लिहायचा विसरले.
अर्धा इंच घट्ट झाला. मुद्दाम नाही.
पुढचे तिन्ही मुद्दाम.
"उसवून दे वं," म्हणायची,
आणि उसवेपर्यंत बसून राहायची,
डब्यातली सांबारवडी कागदावर मांडून
मोठा तुकडा माझ्या बाजूला सरकवत.

हिवाळ्यात कळलं,
इंदोऱ्याला तिच्या आईचंच शिवणाचं दुकान,
काजं-बटणं लहानपणापासून हिच्याकडे.
मी खाली मान घालून सुईचं नेढं शोधत राहिले.
तिने सुई माझ्या हातातून घेतली,
दोरा ओवला,
परत दिली.

मग बदलीचा कागद आला. इतवारी.
त्याच रात्री गारा पडल्या, वीज गेली,
ती थांबली.
पायरीवर दोन जोड, तोंड घराकडे.
मेणबत्तीच्या उजेडात आम्ही बोललो
जळालेल्या मोटारीबद्दल, तिच्या भावाच्या लग्नाबद्दल,
शंभर नंबरच्या दोऱ्याबद्दल.
हात हातात आला
तो मोटारीच्या आधी की नंतर
आता सांगता येत नाही.

चारला जाग आली. शेजारचं अंथरूण गार.
फिरल्या, वाटलं.
दार उघडलं :
ओल्या पायरीवर चपलांच्या आकाराच्या
चार कोरड्या जागा,
बाकी काही नाही.

मागे वळले. मशीनच्या पायडलपाशी ती उकिडवी,
चिंधीने एकेक चप्पल पुसत.
"घरात चपला? काहून वं?"
"बाहेर कोणीतरी फिरवते म्हणतात ना."
दोन्ही जोड तिने पायडलवर ठेवले,
माझी डावी तिच्या उजवीला चिकटून,
तोंड भिंतीकडे.
"आता फिरव म्हणा त्याले."

बदलीचा कागद मापांच्या वहीत होता,
कुठल्या पानात, तिने विचारलं नाही.
सहाच्या बसने नाक्यावर हॉर्न दिला,
एकदा, मग पुन्हा, जरा लांब.
आम्ही दोघी अनवाणी.