रकाना आठ

जानोरीच्या पॅकहाऊसमध्ये रात्रीचे पावणेतीन.
शीतगृहाचा पंखा घोंघावतोय
आणि मी तेच नाव दुसऱ्यांदा टाईप करतेय:
थॉमसन सीडलेस, मोहाडी, प्लॉट सतरा.

पूर्वी एकच कागद पुरायचा.
रॉटरडॅमला उतरलेली पेटी
ट्रकात बसून पलीकडे जायची,
कुणी विचारायचं नाही, कुणाची गं तू?
आता ते वेगळे निघालेत.
पाणी तेवढंच रुंद,
फक्त दाराला कडी आली
आणि कडीसाठी नवा फॉर्म.

तपासनीस पगार साहेब (नावाचेच पगार, असं तेच म्हणतात)
दोन प्रमाणपत्रांवर दोन सह्या करतात,
दुसरी जरा तिरकी.
"मणी तोच, साखर तीच.
कीड काय पासपोर्ट बघून चढते, बाई?"

मी हसत नाही.
मागच्या मोसमात माझ्याकडून दोन आकडे उलटे पडले
आणि कंटेनर अकरा दिवस बंदरात उभा राहिला.
बाहेर हिरवा दिवा,
आत देठ तपकिरी होत गेले.
तो फोटो फोनमध्ये आहे अजून. पुसत नाही.

रकाना आठ: मूळ देश.
हौसाबाई निरगुडे जाळीची टोपी सारखी करत डोकावते.
सहा महिने इथं, सहा महिने पेठच्या डोंगरात.
"काय लिवती?"
"माल कुठला, ते."
"मंग लिव की, मोहाडीचा."

मोहाडीला रकाना नाही.
भारत लिहिते, सील ठोकलं जातं,
ट्रक न्हाव्याशेव्याच्या वाटेला लागतो.

फरशीवर गळलेला एक मणी
हौसाबाई पदराला पुसते,
तोंडात टाकते.
"ग्वाड हाय," म्हणते.