चावलेल्या नळीपाशी

जुई विचारते, मामा, थंय उद आसत काय?
शाळेत तिला तक्ता करायचाय,
रानातला कुठला प्राणी कुठे दिसतो.
थांब, बघून सांगतो, मी म्हणतो,
जणू उद म्हणजे कँटीनमधलं दही,
आहे की संपलं तेवढं बघून यायचं.

गयाथीच्या पुढे हायवे सोडला
की आमचं जंगल लागतं. हसू नकोस.
गाफ, सिदर, सगळी रांगेत उभी,
प्रत्येकाच्या बुंध्याशी काळी नळी
आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला मी.

तर लिही.
ससा बघायचा तर गळती शोध.
दाबाचा काटा खाली आला की मला कळतं,
ओळ सत्तेचाळीस, कुणीतरी चावलंय.
इथला ससा हडकुळा, कानच जास्त,
कानांतून सकाळ आरपार जाते.
आधी गाडी बंद कर,
मग तोंड.

हरणं कुंपणाच्या आत. ती मोजलेली आहेत.
मोजलेलं दिसलं तर त्याला दिसलं म्हणू नये
असं माझं मत. पण तक्त्यात घाल.

पंपघराच्या दिव्याखाली, भुंगेरे पडतात तिथे,
एक काट्यांचा चेंडू येतो.
साळिंदर नव्हे, नाव मला येत नाही.
मोतालेब काटाचुआ म्हणतो.
मीही तेच म्हणतो, चेंडूची हरकत नसते.

आणि उद.
तुझे आजोबा कर्लीत जाळं उचलायचे
आणि माशाचं नुसतं मुंडकं हाती यायचं.
शिवी हासडायचे, पण आवाज खाली ठेवून,
कारण पलीकडच्या खडकावर तिघंजण
उन्हात पाठी घाशीत असायचे.
त्यांची विष्ठा खवल्यांनी चमकायची,
वास शिळ्या सुंगटांचा.
तो वास मी चाळीस पावलांवरून ओळखेन.

मोतालेब नडाइलचा. त्याच्याकडे उद दोरीने बांधत,
होडीतून नेत, रात्री नदीत सोडत,
ते मासे हाकत आणत जाळ्यात.
आमचे कामाला होते, तो म्हणतो,
तुमचे चोर.
आणि आपण दोघे? मी विचारलं.
त्याने पान्याने खांदा खाजवला.

फेब्रुवारीत साठवण तळ्याच्या काठी,
काळ्या प्लास्टिकवर, ओले पंजे.
शेजारी एक खवलं, तिलापियाचं,
हा मासा इथे कुणी सोडला कुणालाच ठाऊक नाही.
मी उकिडवा बसलो.
उदाला पाच बोटं. मी चार मोजली.
परत मोजली.
पाचवं पुसलं गेलं असेल, म्हटलं.
ऊन वर आलं तसे पंजे वाळत गेले
आणि मी एकेकावर सावली धरत राहिलो,
टोपीची, मग हाताची.

दोन रात्री काही नाही. थंडी, डास,
लांब गॅसच्या प्लँटची ज्योत,
थर्मासमधला मोतालेबचा अतिगोड चहा.
तिसऱ्या रात्री, तीनच्या सुमारास,
गाळणीच्या जाळीपाशी पाणी हललं.
खळ्ळ, असं. अगदी तसंच.
माझ्या घशात कर्ली आली.

बाहेर आला तो कोल्हा.
खांद्यापर्यंत भिजलेला, त्यामुळे निम्मा झालेला,
कान मात्र होते तेवढेच,
तोंडात मासा, शेपूट मारणारा.
कुणी शिकवलं असेल त्याला?
या वाळूत, सात पिढ्यांत
कुणी पाय तरी भिजवला होता का?

भोंदोड ना, मोतालेब कुजबुजला.
गप, मी म्हटलं.
कोल्ह्याने आमच्याकडे पाहिलं, अंग झाडलं,
एक थेंब माझ्या चष्म्यावर.

तर जुई, उदाच्या रकान्यात रेघ मार.
नको, थांब. तिथेच लिही:
कोल्हा. तळ्याची उत्तरेची जाळी. पहाटे तीन. ओला.
सशाच्या रकान्यात ओळ सत्तेचाळीस,
ती या आठवड्यात मी जोडलेली नाही.
हे मात्र तक्त्यावर नको,
आमचा सुपरवायझर कुडाळचाच आहे.