लादी

कन्नडच्या कारखान्यातून बर्फाची लादी निघते तेव्हा
तिच्यावर भुसा असतो, भुशावर गोणपाट,
तरी घाटाजवळच्या रसवंतीपर्यंत पोचेस्तोवर
निम्मी रस्त्यानं गळून गेलेली असते.
आम्हाला बर्फ एवढाच ठाऊक होता.

कौतिक मोकासेनं अशीच एक लादी
एम-एटीला बांधून कड्याखाली आणली होती.
मे महिना. काळा दगड हाताला पोळत होता.
म्हणाला, कान लावा.
मग लोखंडी टोच मारून दाखवली:
घट्ट बर्फ ठण्ण बोलतो,
पोकळ बर्फ बोलतो तेव्हा
रिकाम्या रांजणात कुणी खोकल्यागत वाटतं.
ज्याला आवाज कळला तो खाली येतो, म्हणाला.
आम्ही अकरा जण. कान बधिर झाले. हसलो.
उरलेल्या तुकड्यांचं लिंबूसरबत केलं.

त्याचा बाप वाखाच्या दोरावर लोंबकळून
आग्यामोहोळ उतरवायचा.
पोराला दोर तेवढा वारशात मिळाला.
पावसाळाभर तो शहरातल्या लोकांना अंतूरवर न्यायचा,
आणि थंडीत स्पितीला जायचा, गोठलेल्या पाण्यावर
परक्या माणसांना चढवायला.
गौताळ्यात ज्या कड्यावर जानेवारीत
नुसता ओला डाग उरतो,
तसलाच धबधबा तिकडे
जागच्या जागी थांबलेला असतो, सांगायचा,
पडता पडता विचारात पडल्यासारखा.

त्या दिवशी मी शाळेच्या गॅदरिंगसाठी
सातवीच्या मुलींना लेझीम शिकवत होते.
फोन पर्समध्ये, पर्स बाकावर.
चौदा मिस्ड कॉल. सगळे शाहेदचे.

आधी दोघा पाहुण्यांना त्यानं खाली सोडलं.
घाईनं सोडलं, असं ते दोघे सांगतात,
नेहमीसारखं न बोलता.
मग अख्खा खांब सुटला.
त्याला आवाज आला असेल का,
हे आम्ही एकमेकांना विचारत नाही.

नऊ दिवसांनी शोध थांबवला.
बर्फ सुटला की बघू, म्हणाले. जूनमध्ये.
नाहीतर जुलैत.

गयाबाईंनी अजून दहावा केलेला नाही.
आधी माणूस तर आणा, म्हणतात.
आम्ही जातो, पत्र्याखाली बसतो,
त्याच्या गाठी मारलेल्या दोऱ्या खुंटीवर तशाच.
आठाची गाठ सोडायला कुणाचा हात होत नाही.
"बरफच हाये ना?
मंग कव्हा वितळायचं ते?"
शाहेद दोनदा त्या नाळेत जाऊन आलेला.
तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहतो.
तिथं ऊन येत नाही, वर्षभर येत नाही,
हे त्रेचाळीस डिग्रीत, घामानं चिंब,
कुठल्या तोंडानं सांगायचं?

रविवारी आम्ही लादी नेली कड्याखाली.
ठरवलं कुणीच नव्हतं.
शाहेद कारखान्यापाशी थांबला, मी पैसे काढले.
गयाबाई मागच्या सीटवर, मांडीवर गोणपाट.
वर त्यानं ठोकलेला पहिला बोल्ट चमकत होता.
कुणी चढलं नाही.

त्यांनी तळवा टेकवला. बोटं लाल होईतो काढला नाही.
"इतकं गार," म्हणाल्या. "आन् एकला."
मग पदर सारून, कुणी काही न सांगता,
कान लावला.

मधमाश्या उतरल्या कड्यावरून
ओघळाच्या कडेनं पाणी प्यायला.
आम्ही सावली सरकेल तसे सरकत होतो,
त्या सरकल्या नाहीत.
सव्वाचार तास लागले. घड्याळ मीच बघत होते.
शेवटी बोटभर तुकडा राहिला, मग भुसा, मग डाग.

"वितळतो की," त्या म्हणाल्या.

आमच्यातलं कुणीच बोललं नाही.
ओल्या गोणपाटावर अजून माश्या बसलेल्या.
त्या उठेपर्यंत गयाबाई थांबल्या,
मग घडी केली.
शाहेदला तिसऱ्या किकला गाडी सुरू करता आली.